नाव तेच, जागा नवी : सर्व्हरचे स्थलांतर

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर नळदुर्ग मागे पडले की काही वेळाने उमरगा लागते. या भागातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या माणसाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेविषयी विचारून पाहा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून दमलेली माणसे गाढ झोपली होती. चार वाजायला काही मिनिटे असताना जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे दगावली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यात होते. आता ते लोहारा तालुक्यात आहे.

पुढच्या काही वर्षांत ५२ गावे जुनी जागा सोडून नव्या जागेवर वसवण्यात आली. जमीन बदलली, घरे बदलली, रस्ते बदलले. गावांची नावे मात्र तीच राहिली. मुंबईहून पत्र लिहिणाऱ्या मुलाला आपल्या आईच्या गावाचे नाव बदलून लिहावे लागले नाही. बदल करावा लागला तो पोस्टमनला. त्याला सायकल वेगळ्या वाटेने न्यावी लागली.

यानंतर तीस वर्षांनी याच जिल्ह्यात नेमके उलटे घडले. २०२३ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. या वेळी एकही घर हलले नाही, एकही रस्ता वळला नाही. नाव नवे, पण जागा तीच.

नाव ही एक गोष्ट आणि जागा ही दुसरी गोष्ट. एक बदलली म्हणून दुसरी बदलतेच असे नाही. एवढे नीट ध्यानात ठेवलेत, तर आजचा आपला विषय निम्मा समजला असे म्हणायला हरकत नाही. कारण आज आपण एका संगणकाचे स्थलांतर पाहणार आहोत. गाव हलवताना जे प्रश्न पडतात तेच, थोड्या वेगळ्या रूपात, येथेही पडतात.

पाच संस्था, एक यंत्र

तुम्ही मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडता तेव्हा ते पान तुमच्या मोबाइलमध्ये नसते. ते दूरच्या एका संगणकात साठवलेले असते. मागणी आली की तो पान पाठवतो. रात्रंदिवस जागा राहून मागेल त्याला हवे ते देणाऱ्या या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतीत वाढप्याने मध्येच पाठ टेकली तर काय होईल? म्हणून सर्व्हरला वीज अखंड लागते, थंडावा लागतो आणि देखरेख करणारा माणूसही लागतो. हे सारे एकट्याने करणे महाग पडते.

आता असे समजा, की उमरग्यातल्या पाच संस्थांनी मिळून एक सर्व्हर ठेवला आहे. एक शाळा, एक वाचनालय, एक दूध संस्था, एक बचत गट आणि एक नाट्यमंडळ. ही उदाहरणासाठी घेतलेली मंडळी आहेत. यंत्र शाळेच्या एका खोलीत आहे, खर्च पाच जण वाटून घेतात आणि निर्णय बैठकीत होतात. एक सभासद, एक मत. अशी व्यवस्था ही काही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये शेफील्ड शहरात वेबआर्किटेक्ट्स नावाची सहकारी संस्था आपल्या सभासदांची संकेतस्थळे याच रीतीने सांभाळते. अनेकांनी थोडे थोडे घालून मोठे यंत्र विकत घ्यायचे, हे तर महाराष्ट्राला नवे नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० सालीच ते करून दाखवले.

आता अडचण आली. यंत्र जुने झाले. पंखा घरघरतो, डिस्क मधूनच चुकते, उन्हाळ्यात वीज गेली की सारे बंद पडते. बैठकीत ठरले, की पुण्यातल्या एका मोठ्या संगणक केंद्रात जागा भाड्याने घ्यायची आणि सर्व तेथे हलवायचे.

“त्यात काय मोठेसे? फाइली उचलायच्या आणि तिकडे ठेवायच्या!” असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. त्या डिस्कवर काय आहे ते पाहा. दूध संस्थेत रोज कोणी किती लिटर घातले आणि फॅट किती लागले, त्याच्या नोंदी आहेत. त्यावरून घरोघरी पैसे जातात. बचत गटातल्या बायकांची जमा आणि कर्ज आहे. शाळेचे वीस वर्षांचे निकाल आहेत. नाट्यमंडळातल्या आता हयात नसलेल्या कलावंतांचे आवाज आहेत. यांतले काही हरवले तर बाजारात पुन्हा विकत मिळणार नाही.

ही भीती पोकळ नाही. मायस्पेस हे एके काळी जगभर गाजलेले संकेतस्थळ. २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी त्यावर ठेवलेली गाणी सर्व्हर हलवताना नष्ट झाली, असे २०१९ मध्ये उघड झाले. ती सुमारे पाच कोटी होती. इंग्लंडमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे बावन्न लाख ग्राहकांची खाती एका झटक्यात नव्या यंत्रणेवर नेली. पैसे हरवले नाहीत, पण सुमारे एकोणीस लाख लोकांना आपलीच खाती उघडता येईनात. पुढे २०२२ मध्ये बँकेला जवळजवळ पाच कोटी पौंड दंड झाला. एवढ्या मोठ्या संस्थांची ही गत, तर आपल्या पाच संस्थांनी किती जपून पावले टाकायला हवीत!

पहिले पाऊल : मोजदाद

घर बदलताना आई काय करते ते आठवा. ट्रक बोलावण्याआधी ती घरभर फिरून पाहते. माळ्यावर काय, पलंगाखाली काय, शेजारणीकडे आपली कोणती भांडी आहेत. सर्व्हरचेही तसेच करावे लागते. संकेतस्थळे किती, टपालपेट्या किती, नोंदींचे कोश किती, हे सारे कागदावर मांडायचे.

दिसते ते कोणीही लिहील. चुकते ते न दिसणारे. उदाहरणार्थ, रोज रात्री दोन वाजता एक छोटासा प्रोग्रॅम आपोआप चालतो आणि दूध संस्थेच्या दिवसाच्या नोंदींची बेरीज करतो. तो कोणी, कधी लिहिला हे कोणालाच आठवत नाही. नव्या जागी तो नेला नाही, तर पहिल्या दिवशी काहीच बिघडणार नाही. दहाव्या दिवशी पगारपत्रक काढताना बेरीज शून्य येईल!

आणखी एक गोष्ट मोजायला लोक विसरतात. सगळे पासवर्ड आणि खाचाखोचा शाळेतल्या एकाच सरांना ठाऊक असतात. सरांची बदली झाली तर? म्हणून यंत्रातली माहिती हलवण्याआधी माणसाच्या डोक्यातली माहिती कागदावर आणावी लागते. पासवर्ड बंद पाकिटात घालून दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवायचे, हा साधा उपाय सहकारी संस्थेला शोभतो.

मोजदाद नीट केली की कधी कधी उत्तरच बदलते. याचे एक खरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यात आहे. वारणानगरच्या सहकारी संस्थांच्या परिसरात १९९८ मध्ये सत्तर गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकांना आपल्या गावातच ऊस, खत, पैसे यांची माहिती मिळावी म्हणून केंद्रांत संगणक बसवले गेले. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले, की शेतकरी त्या संगणकाचा उपयोग मुख्यत्वे थोड्याच ठरावीक कामांसाठी करतात. मग सात गावांत आठ महिने वेगळाच प्रयोग केला गेला. संगणकाच्या जागी मोबाइलवरचे एसएमएस! सगळी कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही रीत अधिक आवडली. त्याचा अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यातून बोध काय? यंत्र हलवायचे नसते, काम हलवायचे असते.

दुसरे पाऊल : वाहतूक

आपल्या सर्व्हरवर २४० गिगाबाइट माहिती आहे असे धरू. उमरग्याहून माहिती बाहेर पाठवण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट आहे. किती वेळ लागेल?

बाइट आणि बिट यांत घोटाळा करू नका. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून २४० गिगाबाइट म्हणजे १,९२० गिगाबिट, म्हणजेच १९,२०,००० मेगाबिट. त्याला २० ने भागा. उत्तर येते ९६,००० सेकंद. म्हणजे २६ तास ४० मिनिटे, तेही मध्ये वीज गेली नाही तर.

आता दुसरा मार्ग पाहा. सगळी माहिती एका छोट्या डिस्कवर उतरवून घ्यायची आणि ती पिशवीत घालून पुण्याच्या एसटीत बसायचे. डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने लिहिते असे धरले, तर उतरवायला २,४०० सेकंद म्हणजे ४० मिनिटे लागतील. पुण्यात चढवायला तितकीच. प्रवासाचे ८ तास धरू. एकूण ९ तास २० मिनिटे, म्हणजे ३३,६०० सेकंद. आता १९,२०,००० ला ३३,६०० ने भागा. एसटीचा वेग येतो सेकंदाला सुमारे ५७ मेगाबिट! आपल्या तारेपेक्षा जवळजवळ तिप्पट. हसू नका, मोठमोठ्या कंपन्याही प्रचंड माहिती हलवायची झाली की डिस्का पेटीत घालून गाडीनेच पाठवतात. मात्र पिशवी चोरीला गेली तरी कोणाला काही वाचता येऊ नये, म्हणून डिस्कवरची माहिती आधी कुलूपबंद करावी लागते, म्हणजे गुप्त लिपीत बदलावी लागते.

पण या नऊ तासांत उमरग्यात काय होईल? सकाळचे दूध येईल, नव्या नोंदी होतील. पुण्याला पोचलेली प्रत तेवढीच जुनी झालेली असेल. मग संस्था दोन दिवस बंद ठेवायची का?

पुन्हा आईकडे पाहा. घर बदलताना ती ट्रंका, कपाटे, पुस्तके आधी पाठवते. चूल आणि रोजची भांडी शेवटच्या दिवसापर्यंत जुन्या घरातच असतात. चूल हलली की घर हलले. सर्व्हरचेही तसेच. जुने यंत्र चालू असतानाच मोठी प्रत नेऊन ठेवायची. त्यानंतर रोज फक्त फरक तेवढा तारेने पाठवायचा. कोणती फाइल कोठे बदलली हे ओळखून तेवढाच तुकडा पाठवण्याची एक हुशार रीत अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये तयार केली. ‘आरसिंक’ नावाने ती आजही जगभर वापरली जाते.

समजा, दिवसभरात १.२ गिगाबाइट बदल होतात. म्हणजे ९,६०० मेगाबिट. २० ने भागले की ४८० सेकंद. अवघी आठ मिनिटे! २६ तासांचे काम शेवटच्या रात्री आठ मिनिटांवर आले. यंत्राचा वेग आपण वाढवला नाही. कामाचा क्रम बदलला.

तिसरे पाऊल : ताळा

पोचलेली प्रत मुळाबरहुकूम आहे हे कसे ओळखायचे? २४० गिगाबाइट डोळ्यांनी वाचणे अशक्य. बेरजेचा ताळा तुम्ही लहानपणी शिकलात ना? येथेही तीच युक्ती.

एका नोंदीत ४७ लिटर आहे. पाठवताना चुकून ७४ झाले. अंकांची बेरीज केली तर ४ + ७ = ११ आणि ७ + ४ = ११. चूक सापडली नाही. आता पहिल्या अंकाला १ ने आणि दुसऱ्याला २ ने गुणून बेरीज करू. ४७ साठी ४ + १४ = १८. ७४ साठी ७ + ८ = १५. चूक लगेच पकडली! तुमच्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक असाच, पण अधिक युक्तीने काढलेला ताळ्याचा अंक असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर तो जुळत नाही.

आपली रीत अर्थात पुरेशी नाही. २८ घेऊन पाहा. २ + १६ = १८. म्हणजे ४७ आणि २८ यांचा ताळा एकच आला. ताळा जितका लांब, तितका असा योगायोग दुर्मीळ. म्हणून सर्व्हर हलवताना ‘शा-२५६’ नावाचा ताळा वापरतात. फाइल कितीही मोठी असो, तिच्यापासून ६४ चिन्हांचा एक ठसा निघतो. असे वेगवेगळे ठसे किती असू शकतात, ती संख्या ७८ अंकी आहे! फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी संपूर्ण ठसा बदलतो. जुन्या यंत्रातला ठसा आणि नव्या यंत्रातला ठसा जुळला, म्हणजे प्रत खरी.

मराठीची खास अडचण

येथवर सांगितलेले जगात कोठेही लागू पडेल. आता आपली खास गोष्ट.

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, याचा करार लागतो. युनिकोड हा तसा जागतिक करार आहे. त्यातले आकडे साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखली. या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘उमरगा’ या शब्दात उ, म, र, ग आणि काना अशी पाच चिन्हे आहेत. म्हणजे पंधरा बाइट.

आता नव्या यंत्राला कोणी सांगितलेच नाही की ही देवनागरी आहे, तर काय होईल? ते प्रत्येक बाइट म्हणजे एक युरोपीय अक्षर समजेल आणि ‘उमरगा’च्या जागी पंधरा अगम्य चिन्हे उमटतील. घाबरायचे कारण नाही. बाइट शाबूत आहेत. करार नीट सांगितला की नाव परत येते. पण दुसरा प्रकार घातक असतो. ज्या यंत्राला देवनागरी ठाऊकच नाही, ते प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून मोकळे होते. ‘उमरगा’चेही पाच प्रश्नचिन्ह आणि ‘मुरूम’चेही पाच प्रश्नचिन्ह. यांतून मूळ नाव कोणालाही परत काढता येणार नाही. माहिती खरोखरच नष्ट झाली.

तिसरी खोच आणखी निराळी. युनिकोड सर्वत्र रुळण्याआधी मराठीत निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट होते आणि प्रत्येकाचा करार वेगळा होता. नाट्यमंडळाच्या जुन्या पत्रिका अशा फॉन्टमध्ये असतील, तर प्रत बाइटला बाइट जुळेल, ताळाही बरोबर येईल आणि तरीही वाचता काही येणार नाही. म्हणून ताळ्यावर विसंबून न राहता प्रत्येक संस्थेच्या एका माणसाने आपली दहा-वीस पाने डोळ्यांनी वाचून पाहावीत. यंत्र सांगेल की ‘जुळले’. ‘बरोबर आहे’ हे मात्र माणसानेच सांगायचे.

जुन्या निकालांत जिल्हा ‘उस्मानाबाद’ आहे, नव्यांत ‘धाराशिव’. यंत्राला हे दोन निरनिराळे जिल्हे वाटतील. मग जुन्या नोंदी खोडून नवे नाव घालायचे का? नाही. १९९५ च्या दाखल्यावर १९९५ चेच नाव हवे. दोन्ही नावे एकाच ठिकाणाची आहेत, अशी स्वतंत्र नोंद ठेवायची. म्हणूनच कुशल माणसे नावावर विसंबत नाहीत, क्रमांकावर विसंबतात. नाव काहीही होवो, उमरग्याचा पिन कोड ४१३६०६ हाच राहिला.

चौथे पाऊल : पोस्टमनला सांगणे

आता नाव आणि जागा यांच्याकडे परत येऊ. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो, उदाहरणार्थ २०३.०.११३.१०. तो लक्षात ठेवणे अवघड, म्हणून आपण नाव टाइप करतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या वह्या जगभर ठेवलेल्या आहेत. पूर्वी अशी एकच यादी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. यंत्रे वाढली तशी ती अपुरी पडू लागली. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी अनेक ठिकाणी वाटलेल्या वह्यांची व्यवस्था सुचवली. तीच आजची डीएनएस.

सर्व्हर पुण्याला गेला की पत्ता बदलतो. नाव मात्र तेच ठेवायचे. तेव्हा वहीत नवा पत्ता लिहिला की झाले? एवढे सोपे नाही. प्रत्येक वेळी मूळ वहीकडे धाव घेणे परवडत नाही, म्हणून वाटेतली यंत्रे एकदा विचारलेला पत्ता काही काळ जवळ टिपून ठेवतात. किती काळ, हे वहीतच लिहिलेले असते. बहुधा ८६,४०० सेकंद, म्हणजे एक पूर्ण दिवस असते. म्हणजे आपण पत्ता बदलल्यावरही काही लोक दिवसभर जुन्याच दारात जाऊन उभे राहतील!

उपाय असा, की आधीच हा काळ ३०० सेकंदांवर आणायचा. पण किती आधी? जरा थांबून विचार करा.

उत्तर आहे, निदान एक दिवस आधी. कारण आपण काळ कमी करण्याच्या क्षणभर आधी ज्याने पत्ता टिपला, त्याच्याकडे जुना हुकूम आहे. तो चोवीस तास पुन्हा विचारायला येणारच नाही. सावध माणूस दोन दिवस आधीच हे काम उरकतो.

शेवटची रात्र

दिवस कोणता घ्यायचा? दुधाच्या पगाराचा नको, निकालाचा नको. सगळ्या सभासदांना आठवडाभर आधी कळवलेली एखादी शांत रात्र घ्यायची.

रात्री अकराला जुन्या यंत्रावर नव्या नोंदी घेणे बंद. पाने वाचता येतील, लिहिता येणार नाही. अकरा वाजून आठ मिनिटांनी शेवटचा फरक पुण्याला पोचतो. साडेअकरापर्यंत ताळा आणि प्रत्येक संस्थेची पाहणी. साडेअकराला निर्णय. सगळे ठीक असेल तर नव्या यंत्रावर नोंदी सुरू करायच्या आणि नावापुढे नवा पत्ता लिहायचा. अकरा पस्तीसपर्यंत जवळजवळ सगळे नव्या दारात आलेले असतात.

जुन्या यंत्राला लिहायला बंदी का, हे समजले ना? दोन्हीकडे दार उघडे राहिले तर काही दूध उमरग्याच्या वहीत आणि काही पुण्याच्या वहीत लिहिले जाईल. दोन अर्धवट वह्या जुळवत बसणे याइतके किचकट काम नाही.

आणि ताळा जुळलाच नाही तर? काही बिघडले नाही. जुने यंत्र जसेच्या तसे उभे आहे. त्यावर नोंदी पुन्हा सुरू करायच्या, मंडळींना चहा पाजायचा आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा प्रयत्न करायचा. परतीची वाट मोकळी असते ती साडेअकरापर्यंतच. एकदा नव्या यंत्रावर सकाळच्या नोंदी झाल्या, की मागे वळणे म्हणजे त्या नोंदी गमावणे. म्हणून ‘परत फिरायचे की नाही’ हे कोणी, किती वाजता ठरवायचे, हे रात्री जागरणाच्या घाईत नव्हे, तर आधीच्या बैठकीत ठराव करून लिहून ठेवायचे. जुने यंत्रही लगेच पुसायचे नाही. निदान महिनाभर एका कोपऱ्यात तसेच ठेवायचे.

राहणाऱ्यांना विचारले का?

भूकंपानंतर वसवलेली नवी गावे रुंद, सरळ रस्त्यांची आणि जुन्यांपेक्षा कितीतरी अधिक पसरलेली होती. घरे भक्कम झाली. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून असलेली भावकी दूर गेली आणि म्हाताऱ्या माणसांना चार घरी जाणे लांब पडू लागले, असेही रहिवाशांनी पुढे सांगितले. राहणार कोण, कसे राहणार, हे आधी विचारण्याचे महत्त्व त्यातून दिसते. सर्व्हरही पाच संस्थांचा आहे. नवी जागा सुरक्षित हवी, हे खरेच. पण पहाटे पाचला दूध मोजणाऱ्या माणसाला नवे पान उघडता येते का, हे त्याच्याजवळ बसून पाहायला हवे.

हे सारे तुमच्या दाराशीही घडत आहे. गावोगावच्या विकास सोसायट्यांच्या कीर्द-खतावण्या संगणकावर आणून एका समान प्रणालीला जोडण्याची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. आरंभी देशातल्या ६३,००० संस्था तिच्यात घेतल्या आणि पुढे हा आकडा वाढवला. वहीतला प्रत्येक कर्जदार, त्याचे मुद्दल आणि व्याज नव्या जागी नेमके पोचायला हवे. एक शून्य इकडचे तिकडे झाले तर एखाद्या शेतकऱ्याची झोप उडेल. तुमच्या गावच्या सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि जुनी शिल्लक नव्या प्रणालीशी कशी ताडून पाहिली, ते आदराने विचारा.

करून पाहा

१. वर्गाच्या ग्रंथपेटीतली पुस्तकांची यादी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवा. उतरवणारा एक आणि ताळा पाहणारा दुसरा असू द्या. पुस्तकांच्या क्रमांकांची बेरीज जुळली तरी चूक राहू शकते का? तसे एक उदाहरण शोधा.

२. तुमच्या गावाच्या नावाला यूटीएफ-८ मध्ये किती बाइट लागतील? काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हीही चिन्हेच आहेत. जोडाक्षरात न दिसणारा हलन्तही मोजायला विसरू नका.

३. माहिती २४० ऐवजी १५ गिगाबाइट असती, तर तार आणि एसटी यांपैकी कोणता मार्ग लवकर पोचवील? वेग आणि प्रवासाचा वेळ वरीलप्रमाणेच धरा. दोन्ही मार्गांना सारखाच वेळ लागेल अशी माहिती किती गिगाबाइट, हेही काढून पाहा. वर्गातल्या फळ्यावर हे गणित मांडा आणि उत्तर एकमेकांशी ताडून घ्या.